मोतीबिंदूच्या ऑपरेशनातले धोके: कधी उद्भवतात, डॉक्टर काय करतात, आपण काय करायचं

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, ‘काही नसतं त्यात, पंधरा मिनिटांचं काम.’ कुणी म्हणतं, ‘आमच्या ओळखीत एकाचा डोळा गेला, जपून.’ दोन्ही ऐकून माणूस गोंधळतो आणि तारीख पुढे ढकलत राहतो. हे जगात सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे, आणि डोळा एरवी निरोगी असेल तर बहुसंख्य लोकांची नजर छान सुधारते. पण धोका शून्य नाही. तो शून्य आहे असं छातीठोक सांगणाऱ्यावर विसंबू नये.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की यातल्या बहुतेक धोक्यांची वेळ साधारण ठरलेली असते. काही ऑपरेशनच्या टेबलावर येतात, काही पहिल्या रात्री, काही आठवड्याभरात, तर काही वर्षांनी. कुठल्या वेळी काय बघायचं हे माहीत असलं आणि लगेच सांगितलं, तर बऱ्याचशा अडचणी निस्तरता येतात. तीच अडचण चार दिवस अंगावर काढली तर नजरेवर बेतते. म्हणून पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी थोडं डोळ्याबद्दल. आपलं नैसर्गिक भिंग एका अतिशय पातळ, पारदर्शक पिशवीत असतं. ते भिंग गढूळ होणं म्हणजे मोतीबिंदू. फेको पद्धतीत साधारण अडीच मिलिमीटरचा छेद घेतात, पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी करतात, ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात आणि त्याच रिकाम्या पिशवीत घडी घातलेली कृत्रिम लेन्स सोडतात. ती आत गेल्यावर उलगडते. छेद बहुधा टाक्याशिवाय मिटतो. पिशवीच्या मागे डोळ्यातला जेलीसारखा गर असतो, त्याच्या मागे डोळ्याचा पडदा. सगळ्यात पुढे पारपटल, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा स्वच्छ थर. पिशवी, गर, पडदा, पारपटल ही चार नावं पुढे वारंवार येतील.

पायरी १: ऑपरेशन कधी करायचं ते ठरवा

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला आहे. आज तो धोका वाढवतो. भिंग जितकं पिकतं तितकं कडक होतं. कडक भिंग फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि तिचा मार पारपटलाच्या आतल्या पेशींना बसतो. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. पूर्ण पांढऱ्या मोतीबिंदूतून डॉक्टरांना मागचा पडदा दिसत नाही, त्यामुळे तिथे आधीपासून काही आजार आहे का हे कळत नाही. पिशवीही नीट दिसत नाही, म्हणून ती निळ्या रंगाने रंगवून घ्यावी लागते. क्वचित असं भिंग फुगतं किंवा त्यातून प्रथिनं झिरपतात आणि डोळ्याचा दाब एकदम चढतो. मग ठरवून करायचं ऑपरेशन तातडीने, लालभडक डोळ्यावर करावं लागतं.

उलट बाजूही आहे. नुसता मोतीबिंदू ‘आहे’ म्हणून घाई करायचंही कारण नाही. वाचन, गाडी चालवणं, पायऱ्या उतरणं, समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास यांत अडचण येऊ लागली की ती वेळ. ज्यांना एकाच डोळ्याने दिसतं, त्यांनी हा निर्णय डॉक्टरांशी जास्त वेळ बसून घ्यावा; धोक्याची टक्केवारी तीच असली तरी नुकसानीचं मोल वेगळं असतं.

पायरी २: तपासणीला जाताना काहीही गाळू नका

टेबलावर येणाऱ्या अनेक अडचणींची तयारी या भेटीत होते, आणि ती तुम्ही काय सांगता यावर अवलंबून असते. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. बंद केलेल्या औषधांबद्दलही सांगा.

उदाहरण म्हणून प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिन ही गोळी घ्या. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असं वाटून लोक ती सांगतच नाहीत. पण या औषधाने बुबुळाचा रंगीत भाग ढिला पडतो. ऑपरेशन चालू असताना तो हेलकावे खातो, छेदाकडे येऊ पाहतो आणि औषधाने मोठी केलेली बाहुली मध्येच आकसते. २००५ साली या प्रकाराचं पहिल्यांदा नीट वर्णन झालं. गोळी थांबवल्यानंतरही परिणाम दीर्घकाळ टिकू शकतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात स्वतःहून बंद करून उपयोग नाही, उलट लघवी अडण्याचा त्रास व्हायचा. डॉक्टरांना आधी कळलं तर ते डोळ्याच्या आत बाहुली मोठी ठेवणारं औषध देतात, बारीक हुक किंवा बाहुली उघडी धरणारी रिंग तयार ठेवतात, आणि ऑपरेशन बहुधा सुरळीत पार पडतं. ऐन वेळी कळलं, तर सगळी धावपळ.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. नुसत्या थेंबांची भूल देऊन ऑपरेशन होणार असेल तर बहुतेक वेळा त्या चालू ठेवल्या जातात. डोळ्यात होऊ शकणाऱ्या रक्तस्रावापेक्षा गोळी बंद केल्याने हृदयाला किंवा मेंदूला होणारा धोका मोठा असतो. वॉरफरिन घेणाऱ्यांची रक्त गोठण्याची तपासणी आधी केली जाते.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा आणि पडद्याची तपासणी करून घ्या. पडद्यावर आधीच सूज असेल तर ऑपरेशननंतर ती वाढू शकते, म्हणून तिचा उपचार आधी किंवा सोबतच करावा लागतो. पूर्वी डोळ्याला मार लागला असेल, कधी डोळा आतून सुजून लाल झाला असेल, चष्मा घालवायचं लेझर केलं असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, तर तेही सांगा. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर दाबल्यावर चिकट द्राव येतो का, पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखा थर जमतो का, हे आरशात बघून घ्या. तिथे जंतूंचा साठा असतो आणि तो आधी साफ व्हायला हवा.

आणखी एक, ज्याची लाज वाटून लोक बोलत नाहीत: पाठीवर सपाट अर्धा तास पडून राहता येतं का? दम लागतो का, सतत खोकला येतो का, मान हलते का, तोंडावर कापड आलं की जीव घाबरा होतो का, ऐकू कमी येतं का? प्रत्येकावर उपाय आहे: उशीची उंची, खोकल्याचं औषध, वेगळी भूल, हात धरून बसणारी नर्स. पण तो टेबलावर झोपण्याआधी ठरावा लागतो.

पायरी ३: मोजमापाला घाई करू नका

‘ऑपरेशन झालं, पण नंबर चुकला’ ही तक्रार पुष्कळदा मोजमापातून येते. बसवायच्या लेन्सचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून आणि पारपटलाच्या गोलाईवरून काढतात. लांबी मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबर साधारण अडीच ते तीनने हुकतो. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मऊ लेन्स किमान आठवडाभर आणि कडक लेन्स काही आठवडे आधी काढून ठेवायच्या असतात, कारण त्यांनी पारपटलाचा आकार बदललेला असतो. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार करून मगच मोजावं. चष्मा घालवण्याचं लेझर झालेल्या डोळ्याला नेहमीचं गणित लागू पडत नाही. त्यासाठी वेगळी सूत्रं वापरावी लागतात.

याच भेटीत स्वच्छ विचारा: मला लांबचं चष्म्याशिवाय दिसेल की जवळचं? एका अंतराची लेन्स बसवली की दुसऱ्या अंतराला चष्मा लागतोच. जवळ-लांब दोन्ही दाखवणाऱ्या लेन्समध्ये रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि गडद-फिक्या छटांमधला बारीक फरक थोडा कमी जाणवतो. पडद्याचा आजार किंवा वाढलेला काचबिंदू असलेल्यांनी त्या टाळाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. नंबर हुकलाच तर चष्मा, लेझर किंवा लेन्स बदलणं हे मार्ग आहेत. लेन्स बदलायची असेल तर ती लवकर बदललेली सोपी, कारण पिशवी काळानुसार तिला घट्ट धरते.

पायरी ४: ऑपरेशनचा दिवस

आत नेताना नाव, कोणता डोळा आणि कोणत्या नंबरची लेन्स हे पुन्हा पुन्हा विचारतील. कंटाळू नका. चुकीचा डोळा किंवा चुकीची लेन्स टाळण्याचा तोच मार्ग आहे. कपाळावर केलेली खूण कुठल्या बाजूला आहे हे नातेवाइकांनीही पाहावं.

मग डोळ्यात तपकिरी औषध घालतील. ते ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन. थोडं झोंबतं, पण जंतुसंसर्ग टाळण्याच्या सगळ्यात भक्कम उपायांपैकी ते एक आहे आणि ते साधारण ३ मिनिटं डोळ्यात राहावं लागतं. आयोडीनची अ‍ॅलर्जी असल्याची शंका असेल तर ते आधीच बोलायचं. पापण्यांचे केस चिकट पारदर्शक कापडाखाली दाबून टाकतात, तेही जंतू आत जाऊ नयेत म्हणून.

भूल बहुधा थेंबांची असते. काहींना डोळ्याभोवती इंजेक्शन देतात. त्यात डोळ्यामागे रक्त साचणं किंवा सुई डोळ्याला लागणं हे धोके अत्यंत क्वचित असतात. बोथट नळीने भूल दिल्यास सुईचा धोका टळतो. भूल कुठलीही असो, ऑपरेशन चालू असताना बोलायचं असेल किंवा खोकला येणार असेल तर आधी तोंडाने सांगा, हालचाल करू नका. डॉक्टर हत्यार बाजूला घेतात, मग खोका.

पायरी ५: टेबलावरची सगळ्यात महत्त्वाची अडचण, पिशवी फाटणे

पिशवीच्या मागच्या भागाची जाडी जेमतेम ४ मायक्रॉन, काही ठिकाणी त्याहूनही कमी. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना येईल. भिंगाचे तुकडे ओढणारी सुई या पिशवीपासून काही मिलिमीटरवर काम करत असते. अनुभवी डॉक्टरांच्या हातूनही साधारण १०० पैकी १ ते २ ऑपरेशनांत, किंवा त्याहून थोड्या कमी वेळा, ही पिशवी फाटते. फार पिकलेला मोतीबिंदू, लहान राहणारी बाहुली, पिशवीला धरून ठेवणारे धागे कमकुवत असणं, जुना मार यांत प्रमाण वाढतं. धागे ढिले असल्याचं दिसलं तर पिशवीला आतून ताणून धरणारी एक रिंग बसवता येते.

फाटल्यावर काय होतं? मागचा गर पुढे यायला लागतो. तो नुसता ओढून काढला तर त्याचा ताण थेट पडद्यावर येतो आणि पडदा फाटू शकतो. म्हणून डॉक्टर तिथेच थांबतात, डोळा एकदम रिकामा होऊ न देता औषधी जेल भरतात आणि गर कापत कापत काढणारं वेगळं यंत्र वापरून तो साफ करतात. मग लेन्सचा प्रश्न. पिशवीत बसवायची नेहमीची एकसंध लेन्स अशा वेळी पिशवीच्या पुढच्या जागेत ठेवू नये, ती बुबुळाला घासते. त्याऐवजी तीन भागांची वेगळी लेन्स पिशवीच्या पुढच्या कडेच्या आधारावर बसते. आधारच उरला नसेल तर लेन्स दुसऱ्या पद्धतीने, कधी काही आठवड्यांनी, बसवतात.

भिंगाचा तुकडा मागे गरात पडला तर तो तिथून खेचत बसणं चुकीचं. चांगला डॉक्टर छेद बंद करतो आणि पडद्याच्या तज्ज्ञाकडे पाठवतो. दुसरं ऑपरेशन म्हटल्यावर घरचे खचतात, पण वेळेत झालं तर यातल्या बऱ्याच लोकांना चांगलं दिसतं. पिशवी फाटलेल्या डोळ्यात पुढे जंतुसंसर्ग, पडद्याची सूज आणि पडदा सुटणं यांचं प्रमाण जास्त असतं. म्हणून असं काही झालं असेल तर डॉक्टरांनी ते सांगायला हवं आणि तुम्ही ते कागदावर लिहून मागायला हवं.

दुसरी अडचण फारच दुर्मीळ, पण गंभीर: डोळ्याच्या मागच्या थरात अचानक रक्तस्राव. वाढलेलं ब्लडप्रेशर, जास्त वय, काचबिंदू, मोठा मायनस नंबर यांत शक्यता थोडी वाढते. छेद ताबडतोब बंद करणं हाच पहिला इलाज, आणि छेद जितका लहान तितकं ते सोपं. ऑपरेशनच्या दिवशी ब्लडप्रेशर फार चढलेलं असेल आणि डॉक्टर ‘आज नको’ म्हणाले, तर राग मानू नका.

पायरी ६: पहिली रात्र आणि पहिला आठवडा

पहिल्या दिवशी थोडं खुपणं, पाणी येणं, धूसर दिसणं हे चालतं. कपाळ ठणकत असेल, मळमळत असेल, उलटी होत असेल, तर डोळ्याचा दाब वाढलेला असू शकतो. ऑपरेशनमध्ये वापरलेल्या जेलचे अंश आत राहिले की हे घडतं. थेंब किंवा गोळी देऊन दाब उतरवतात. पारपटल सुजलं तर काही दिवस धुक्यातून पाहिल्यासारखं वाटतं. ते बहुधा आपोआप उतरतं. मुळातच पारपटलाच्या पेशी कमी असणाऱ्यांत सूज कायम राहू शकते, मग त्या थराचं रोपण करावं लागतं. म्हणून अशांच्या पेशी आधीच मोजतात.

आता सगळ्यात भीतीची गोष्ट, डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग. प्रमाण फार कमी, हजारात एखादा किंवा त्याहूनही कमी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत सेफ्युरॉक्सिम हे प्रतिजैविक सोडलं तर हा धोका सुमारे पाचपट कमी होतो. ‘शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडता का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो.

संसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो, कधी काही आठवड्यांनी. खुणा चार: डोळा अधिकाधिक लाल होणं, दुखणं वाढणं, उजेड सहन न होणं, आणि सुधारलेली नजर पुन्हा कमी होणं. यातली शेवटची सर्वांत महत्त्वाची. काल कॅलेंडरचे आकडे वाचले आणि आज ते धुरकट दिसतात, तर दुखत नसलं तरी थांबू नका. सुट्टी असो, रात्र असो, त्याच दिवशी दाखवा. इथे तासांचा हिशोब असतो. डॉक्टर आतल्या द्रवाचा नमुना घेतात आणि डोळ्यातच व्हॅन्कोमायसिन व सेफ्टाझिडिम यांची इंजेक्शनं देतात. नजर फक्त उजेड कळण्यापुरती उरली असेल तर गर काढण्याचं ऑपरेशन लगेच करतात. अशी लक्षणं दिसल्यावर मेडिकलमधून वेगळे थेंब आणून दोन दिवस वाट पाहणं, हा डोळा गमावण्याचा सरळ रस्ता आहे.

थेंब घालण्याची रीत लहानशी दिसते, पण इथेच गडबड होते. हात साबणाने धुवा. मान मागे करा, खालची पापणी बोटाने ओढून छोटा खड्डा करा आणि बाटली वर धरून एकच थेंब त्यात सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना किंवा बोटाला लागू देऊ नका. लागलं की त्यावरचे जंतू बाटलीत जातात. डोळा हलकेच मिटा, नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दुसरं औषध ५ मिनिटांनी, नाहीतर पहिलं वाहून जातं. स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानेच कमी करायचे. मध्येच बंद केले तर सूज उलटते, मनाने जास्त दिवस चालू ठेवले तर काहींचा दाब वाढतो.

डोळा चोळायचा नाही, रात्री झोपताना कडक शील्ड लावायचं, डोक्यावरून अंघोळ आणि पोहणं डॉक्टर सांगेपर्यंत नाही. वाकून चप्पल घातली म्हणून लेन्स निसटत नाही, टीव्ही पाहिल्यानेही काही बिघडत नाही. विनाकारणच्या बंधनांनी माणूस थकतो आणि मग खरी बंधनं मोडतो.

पायरी ७: पुढचे काही महिने

चांगलं दिसत असताना महिना-दीड महिन्याने मधोमध धूसर, सरळ रेघा किंचित वाकड्या वाटू लागल्या, तर पडद्याच्या मध्यभागी सूज आली असण्याची शक्यता आहे. मधुमेह आणि डोळ्याच्या जुन्या सुजेचा इतिहास असणाऱ्यांत ती जास्त. ओसीटी या पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये ती दिसते आणि बहुतेक वेळा सूज कमी करणाऱ्या थेंबांनी उतरते, पण थेंब आठवडे-महिने घालावे लागतात.

डोळ्यापुढे अचानक खूप काळे ठिपके, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं दिसणं किंवा एका बाजूने पडद्यासारखी सावली सरकत येणं ही पडदा सुटण्याची लक्षणं आहेत. हा धोका १ टक्क्याच्या आत असला, तरी मोठा मायनस नंबर, कमी वय आणि पिशवी फाटलेले डोळे यांत जास्त असतो, आणि तो महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकतो. नुसती भेग असेल तर लेझरने भागतं. पडद्याचा मध्य सुटण्याआधी ऑपरेशन झालं तर नजर पुष्कळ वाचते.

डोळ्याच्या बाहेरच्या कडेला अर्धचंद्रासारखी काळी सावली दिसणं ही गोष्ट वेगळी. ती लेन्सच्या कडेमुळे असते, सरकत नाही, आणि बहुतेकांत काही महिन्यांत विरते. पण फरक तुम्ही घरी ठरवू नका, एकदा तपासून घ्या. कोरडेपणा, टोचल्यासारखं वाटणं याला अश्रूंचे थेंब पुरतात.

पायरी ८: काही वर्षांनी पुन्हा धूसर दिसलं तर

मोतीबिंदू परत येत नाही. पिशवीत उरलेल्या पेशी वाढून तिच्या मागच्या भागावर जाळी धरतात आणि ऑपरेशनच्या आधीसारखं धुरकट दिसू लागतं. नंतर होणाऱ्या त्रासांत हा सगळ्यात जास्त आढळणारा. यॅग लेझरने जाळीत छोटी खिडकी करतात; काही मिनिटांत होतं, भुलीचं इंजेक्शन किंवा छेद लागत नाही. त्यानंतर दाब तपासतात, आणि ठिपके किंवा चमक दिसली तर वर सांगितलेला नियम इथेही लागू.

ऑपरेशननंतर मिळालेलं लेन्सचं कार्ड जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: पहिल्या डोळ्यात काही अडचण आली होती का, आणि ठरवलेल्या नंबरात व प्रत्यक्ष आलेल्या नंबरात किती फरक पडला. फरक पडला असेल तर दुसऱ्या डोळ्याची लेन्स निवडताना तो हिशोबात धरता येतो.